चाळीस झाडांची मापं

मास्तरांचं दुकान आणि माझं दुकान यांच्यामध्ये एकच पातळ भिंत होती. त्यांचं पायमशीन सुरू झालं की माझ्या झेरॉक्सच्या काचेवर ठेवलेला कागद थरथरायचा. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. पुढे कापायचं लांब टेबल, त्याला लागून दोन मशिनं आणि मागे पडद्याआड एक खोली. त्या खोलीत खिडकीपाशी त्यांची बायको बसायची. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. काज-बटण, तुरपाई, उसवलेलं पुन्हा घेणं, ही हातशिलाईची सगळी कामं तिची. गिऱ्हाइकांना पडद्याखाली तिचे पाय तेवढे दिसत. पण शर्ट अंगात घातल्यावर जो बसतो ना, तो अर्धा तिच्या हाताने बसायचा. हे मास्तर स्वतः कबूल करायचे. फक्त तिच्यासमोर नाही.

मास्तर पन्नाशीला आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना साखर असल्याचं सांगितलं. वर ऐकवलं की, सगळं आयुष्य मशिनीवर वाकून काढलंत, आता आठवड्यातून एकदा तरी लांब चालत जा. मास्तरांना चालायला जायची जागाच माहीत नव्हती. पहिल्या रविवारी ते रस्ता नेईल तिकडे गेले. आमच्या गावाचा तो रस्ता खाडीशी संपतो आणि तिथून पुढे खारफुटी सुरू होते. रस्ता संपला म्हणून ते परत फिरणार, तेवढ्यात ज्याची पँट त्यांनी गेल्याच आठवड्यात लांडी करून दिली होती तो खेकडे पकडणारा समोरून आला. तो म्हणाला, "पुढे जायचंय? मग बूट काढा मास्तर. नाहीतर चिखल काढून घेईल, आणि तो परत देत नाही."

मास्तरांनी बूट काढले. खेकडेवाल्याने त्यांना पाय कुठे टाकायचा ते शिकवलं. चिखल चकाकतो तिथे नाही, जिथे मुळ्या वर आल्यात तिथे. दोन-तीन रविवारांत मास्तर एकटेच जायला लागले, आणि मग गेले ते जातच राहिले. ओहोटीची वेळ बघून निघायचे, भरती चढायच्या आत परत यायचे. अकरा वर्षं. आजारपण आणि लग्नकार्य सोडलं तर एक रविवार त्यांनी चुकवला नाही.

तिथे काय असतं, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "काय असणार? चिखल. आणि डास. डॉक्टरने सांगितलंय म्हणून जातो, दुसरं काय."

हेच ते घरीही सांगत होते.

खरं काय होतं ते त्यांनी मला खूप नंतर सांगितलं, तेव्हा एक दुपार पुरली नाही. ओहोटीला आत शिरलं की आधी आवाज येतो. पाणी तापायला लागल्यावर पातेल्यात बुडबुडे फुटतात तसा सगळा चिखल चटचट वाजत असतो. तिवराच्या झाडाभोवती जमिनीतून बोटभर लांबीच्या मुळ्या वर आलेल्या असतात, हजारो, जशा कोणी पेन्सिली उलट्या रोवून ठेवल्यात. झाड त्यांतून श्वास घेतं. कांदळाच्या फांद्यांना हिरव्या शेंगांसारखी रोपंच लटकलेली असतात. बी आधी झाडावरच रुजतं, मग खाली पडतं. खेकडे असतात नखाएवढे, त्यांचा एकच नांगा भलामोठा, तो वरखाली करत कोणाला तरी बोलावत असतात. निवट्या म्हणून मासे असतात, ते पाण्यातून चिखलावर येऊन चक्क चालतात आणि बटणासारखे डोळे काढून बघतात. आणि सगळीकडे मऊ हिरवा उजेड, पडद्यातून येतो तसा.

"मी तिथे तासभर उभा राहायचो," मास्तर म्हणाले. "दिवसभर दुकानात एकच. मास्तर, कधी देताय? मास्तर, बाही आखूड झाली. मास्तर, उद्या नक्की ना? तिथे मला कोणी मास्तर म्हणत नव्हतं."

एका रविवारी ते गळ्यातला टेप काढायलाच विसरले आणि तसेच आत गेले. शिंप्याच्या गळ्यात टेप असला आणि समोर कोणी उभं असलं की हात आपोआप वर जातो. त्यांनी एका कोवळ्या तिवराच्या खोडाला टेप लावला. साडेचार इंच. घरी येऊन मापाच्या पुस्तकात मागच्या पानावर लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी पुन्हा मोजलं तर पाच भरलं. झालं, नाद लागला. हळूहळू चाळीस झाडं झाली. गिऱ्हाइकांची लिहायची तशीच मापं: नंबर, कंबर, उंची. शेरासुद्धा. 'नंबर सात, डावीकडे झुकतं.' 'नंबर तेवीस, खालच्या बाजूला सैल.' ते पुस्तक मी पाहिलंय. हसू येतं आणि मग येत नाही.

वहिनीने बरोबर येते म्हणून तीनदा विचारलं होतं. तीनदा, हे मास्तरांनी मोजून सांगितलं, आणि तीनही वेळा ती काय करत होती तेही.

पहिल्यांदा ती भांडी पुसत होती. "अहो, मी पण येऊ का एकदा? मलाही पाय मोकळे करायचेत." मास्तर म्हणाले, "अगं, तिथे काय आहे? गुडघाभर चिखल. घाण वास. तुझं काय काम तिथे?" ती म्हणाली, "बरं." दुसऱ्यांदा मुलगी लग्न होऊन गेली त्या महिन्यात. घर रिकामं झालं होतं आणि रविवार खायला उठायचा. तेव्हा मास्तरांनी सांगितलं की, आत साप आहेत. होतेही, पण अकरा वर्षांत त्यांना दोन दिसले, तेही स्वतःच पळून जाताना.

तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, तयारी केली. दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाचे तुकडे जोडून तिने स्वतःसाठी गुडघ्यापर्यंतचा एक पायजमा शिवला, नाडीचा, घट्ट कापडाचा, चिखलात चालायला सोयीचा. शनिवारी संध्याकाळी तो घालून ती पडद्याबाहेर आली आणि उभी राहिली. मास्तर कापत होते. त्यांनी वर पाहिलं आणि ते हसले. म्हणाले, "हे घालून तू तिथे आलीस तर खेकडे बिळातून बाहेर यायचे नाहीत आठवडाभर."

मी तेव्हा दुकान बंद करत होतो. तो विनोद मलाही ऐकू आला आणि मीही हसलो. वहिनीही हसली. ती आत गेली आणि पायजमा बदलून आली. पुढे त्या पायजम्याची मशीन पुसायची फडकी झाली.

"वाईट म्हणून नाही केलं," मास्तर मला सांगत होते. "तिचा राग नव्हता. कंजूषपणा होता. मला वाटायचं, ती आली की तिथेही घर येईल. ती म्हणेल, पाय पुसा, पाणी प्या, उशीर होतोय. ते एवढं एक माझं होतं, ते मला कोणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. आणि वाटून दिलं तर कमी होईल, अशी भीती होती." मग म्हणाले, "तुम्हाला सांगतो, एवढी हुशार बाई. तिला नुसता चिखल आहे म्हणून सांगितलं आणि तिने ते ऐकलं. कारण सांगणारा मी होतो."

आणि तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण झाडांना नंबर लावायचे होते. रंग खाऱ्या पाण्यात टिकत नव्हता, खिळा मारायचा नव्हता. मास्तरांनी जाड कॅनव्हासच्या पट्ट्या कापल्या आणि वहिनीला म्हणाले, यांवर लाल दोऱ्याने एक ते चाळीस नंबर भरून दे, शाळेच्या गणवेशांच्या गठ्ठ्यांना बांधायचेत. तिने भरून दिले. साखळीटाका नव्हे, तिचा स्वतःचा एक टाका होता, मागून दुहेरी घेतलेला, तो धुतला तरी सुटत नसे. वर्षभरात खाऱ्या पाण्याने पट्ट्या विरायला लागायच्या, त्यामुळे दर वर्षी नवे चाळीस. वहिनी दर वर्षी म्हणायची, "अहो, एवढे गठ्ठे तुमचे हरवतात तरी कुठे?"

ते म्हणायचे, "शाळा परत देत नाही."

सात वर्षं तिने ते नंबर भरले. दोनशे ऐंशी पट्ट्या, दुपारी जेवणानंतर, मास्तर डुलकी काढायचे त्या वेळात.

मग एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला पडद्यामागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. आधी मला वाटलं लोखंडी इस्त्री पडली. मास्तरांची हाक ऐकून मी धावलो. वहिनी खिडकीखाली कलंडली होती, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजव्या हातात सुई तशीच होती. आम्ही दोघांनी तिला उचलून रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू. वेळेवर आणलंत म्हणून जीव वाचला. पण उजवा हात आणि उजवा पाय गेल्यातच जमा. बोलणं परत आलं, जरा सावकाश, जरा जड. सुई परत आली नाही.

मुलगी महिनाभर येऊन राहिली आणि गेली. मास्तरांनी सगळं शिकून घेतलं: तिचे केस विंचरणं, तिला खुर्चीत बसवणं, पाठीला तेल लावणं. काज-बटण बाहेर द्यायला लागले. सात महिने ते खाडीकडे फिरकले नाहीत. शेवटी वहिनीच म्हणाली, "अहो, जा की. डॉक्टरांनी सांगितलंय ना तुम्हाला. दोन तास मी काही पळून जात नाही." ती अशी थट्टा करायची. मास्तर पुन्हा जायला लागले. परत आले की ती विचारायची, "काय म्हणतो तुमचा चिखल?" ते म्हणायचे, "आहे तसाच."

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. दुपारी माझ्या दुकानात चाळिशीच्या एक बाई आल्या. पायात चिखलाने भरलेले रबरी बूट, पाठीवर पिशवी. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी एक मळकी, कडा झिजलेली कॅनव्हासची पट्टी काढून माझ्या काउंटरवर ठेवली. "ही कोणी शिवली असेल, सांगू शकाल का? खाडीवर झाडांना बांधलेल्या सापडल्या. खेकडे पकडणारा एक जण म्हणाला, तिकडच्या गल्लीत शिंपी आहे, त्याला विचारा."

पट्टीवर लाल दोऱ्याने चोवीस लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "या, शेजारीच." आणि मोठ्या उत्साहाने त्यांना घेऊन गेलो. आज वाटतं, एक मिनिट आधी मास्तरांना बाहेर बोलावलं असतं तर. पण मला तरी काय ठाऊक.

मास्तर कापत होते. वहिनीची खुर्ची आता पडद्याच्या अलीकडे, टेबलाजवळ असायची, माणसं दिसावीत म्हणून. बाईंनी पट्टी दाखवली. मास्तरांचा चेहरा उतरला, पण बाईंचं लक्ष नव्हतं. "काका, तुम्ही मोजलीत ती झाडं? खरंच? किती वर्षं?" मास्तर हळूच म्हणाले, "दहा-अकरा." बाई स्टुलावर बसल्याच. म्हणाल्या, "इथल्या खारफुटीची एवढ्या वर्षांची मापं आमच्यात कोणाकडेच नाहीत. तुम्हाला कल्पना आहे का काका? आणि काय जागा निवडलीत! त्या ओढ्याच्या वळणावर मी काल तासभर उभी होते. खंड्या डोक्यावरून गेला. फुललेल्या तिवराला मधाचा वास येत होता. त्या निवट्यांच्या मारामाऱ्या, आणि तो उजेड! मी कितीतरी खारफुटी पाहिल्यात, पण इतकी सुंदर..."

त्या बोलत राहिल्या. मी वहिनीकडे बघत होतो. तिने डावा हात पुढे केला. बाईंनी पट्टी तिच्या हातात दिली. वहिनीने ती उलटी केली, मागची बाजू अंगठ्याने चाचपली.

"हा टाका माझा आहे," ती म्हणाली.

बाई आनंदाने म्हणाल्या, "तुम्ही केलंत हे काकू? मग तुम्ही दोघं मिळून जायचात?"

बाहेर कोणाची तरी सायकल पडली, ती उचलण्याचा आवाज आला.

वहिनी मास्तरांकडे बघून म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात, नुसता चिखल आहे."

आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मास्तरांच्या हातात कात्री होती, ती त्यांनी ठेवली, पुन्हा उचलली. "म्हटलं होतं," ते म्हणाले. बाईंच्या लक्षात काहीतरी आलं. त्या मापाचं पुस्तक बघायला पुन्हा येते म्हणून उठल्या, आणि मीही उठलो.

पुढचे चार दिवस त्या दुकानात मशिनीशिवाय आवाज नव्हता. वहिनी भांडली असती तर बरं झालं असतं, मास्तर म्हणायचे. ती भांडली नाही. जेवायची, औषध घ्यायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "मला तिथे जायचंय."

आता कसं जाणार? चाकाची खुर्ची चिखलात एक पाऊल जाणार नाही. मास्तरांनी तिला पाठीवर नेईन म्हटलं. एकसष्ट वर्षांचा साखरेचा माणूस. मी म्हटलं, तुम्ही दोघंही तिथेच रुताल आणि ती बाई तुम्हालाही नंबर लावेल. मग त्या बाईंनाच फोन केला. त्या म्हणाल्या, कॉलेजच्या बाजूने विद्यार्थ्यांसाठी फळ्यांचा पूल बांधलाय, आत ऐंशी-नव्वद पावलं जातो. खुर्ची जाईल. पण काकांची झाडं त्याच्या बरीच पुढे आहेत, ती दिसणार नाहीत.

"जेवढं दिसेल तेवढं," वहिनी म्हणाली.

मुलगी आली. रविवारी ओहोटी सकाळी नऊला होती. मुलगी, मी, मास्तर आणि खुर्चीत वहिनी असे आम्ही गेलो. खुर्ची मी ढकलत होतो, कारण मास्तर पुढे-मागे करत होते, पाहुणे आल्यावर घरात होतं तसं. "अगं, तिकडे बघ. नाही, खाली. थांबा, इथे थांबा हो." अकरा वर्षं एक शब्द न काढलेला माणूस धबधब्यासारखा बोलत होता. हे कांदळ, हे तिवर, याचं पान चाटून बघ, खारट लागतं. मुलगी शेवटी म्हणाली, "बाबा, आईला बघू तरी द्या." तेव्हा ते गप्प झाले.

वहिनी बघत होती. सगळं आयुष्य सुईच्या टोकाकडे बघितलेली बाई, तिची नजर बारीक. तिला लांबचं फारसं दिसत नव्हतं, पण पुलाच्या कडेला जे होतं त्यातलं काही सुटलं नाही. ती म्हणाली, मीठ पानाच्या वर नाही, खालच्या अंगाला जास्त आहे. ती म्हणाली, हे खेकडे सगळे एकदम नांगा वर करतात, बघा, एकाने केला की शेजारचा. मग एका फांदीकडे बोट करून तिने विचारलं, "हे कोणी शिवलंय?"

चार-पाच हिरवी पानं एकमेकांना जोडून वळलेली होती, मुठीएवढी. जोडावर पांढरा, बारीक धागा. जवळ जाऊन पाहिलं तर लाल मुंग्या ये-जा करत होत्या. त्या मुंग्यांचं ते घर होतं, पानांच्या कडा त्यांनी खरंच शिवल्या होत्या.

मास्तर बघत राहिले. "मी असली कितीतरी पाहिलीत," ते म्हणाले. "मला वाटायचं, वाळकी पानं गुंडाळली गेलीत."

"टाका जवळजवळ आहे," वहिनी म्हणाली. "उसवणार नाही."

पूल संपला तिथे आम्ही थांबलो. पुढे मुळ्या, चिखल, मध्ये पाण्याची वळणं आणि दाट हिरवं. वहिनीने विचारलं, "माझे नंबर कुठेत?"

मास्तरांनी हात केला. "त्या तिकडे. ते वळण दिसतं ना, त्याच्या पलीकडे." दिसत काहीच नव्हतं. ते म्हणाले, "मी जाऊन एक सोडून आणू का? दहा मिनिटांत येतो."

"सोडून आणून काय करू? पट्टी मी पाहिलीये. झाड पाहायचं होतं." मग म्हणाली, "एकतीस नंबर कसं आहे सांगा. त्या एकतीसचा दोरा सारखा तुटायचा, दर वर्षी."

मास्तर पुलावर तिच्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि एकतीस नंबरबद्दल सांगायला लागले. लहान होतं तेव्हा गुरांनी शेंडा खाल्लेला, मग दोन शेंडे फुटले. आता कंबर अकरा इंच. त्याच्या बुंध्याशी एक म्हातारा खेकडा राहतो, त्याचा मोठा नांगा तुटलाय. वहिनी डोळे मिटून ऐकत होती. मी आणि मुलगी जरा मागे सरकलो. वहिनीने मध्येच विचारलं, "मी आले असते तर पोचले असते तिथपर्यंत?"

मास्तर म्हणाले, "आरामात."

खोटं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

पाणी चढायला लागलं, फळ्यांखाली आवाज सुरू झाला. आम्ही परत फिरलो. सगळं मिळून चाळीस-पन्नास मिनिटं झाली असतील. येताना रिक्षात वहिनी एवढंच म्हणाली, "अहो, माझ्याबरोबर यायला तुम्हाला एवढं जड का वाटत होतं?" मास्तरांनी तिला तेच सांगितलं, जे पुढे मलाही सांगितलं. ती बाहेर बघत राहिली. "मी पाय पुसा म्हणाले नसते," ती म्हणाली. "मी पण गप्पच बसले असते. मलाही गप्प बसायला जागा हवी होती."

पुन्हा न्यायचं ठरलं होतं. पण पुढच्या महिन्यात तिला ताप, मग मास्तरांच्या पायाला जखम, मग वादळ आलं आणि त्यात पुलाच्या निम्म्या फळ्या वाहून गेल्या. दुरुस्ती होईल होईल म्हणत वर्ष गेलं. मास्तर रविवारी जायचे आणि परत आल्यावर टेबलापाशी खुर्ची ओढून तिला सगळं सांगायचे, आवाज, वास, कोण दिसलं, कोण नाही. ती मधूनच अडवायची, "घाई करताय तुम्ही. ओढ्यापासून तिथपर्यंत काहीच नव्हतं का?" मग ते मागे जाऊन पुन्हा सांगायचे. माझ्या दुकानात मला ते ऐकू यायचं. मी झेरॉक्सचं मशीन बंद ठेवायचो.

तिने त्यांना माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. ती त्यांच्यावर चिडलेली दिसत नव्हती. पण 'बरं' हा शब्द तिने बोलायचा सोडला होता. कशालाही ती आता बरं म्हणत नसे, 'का?' म्हणून विचारायची, आणि मास्तर उत्तर द्यायचे.

दोन वर्षांनी दुसऱ्या झटक्यात ती गेली. बाईंनी मापं कॉलेजकडून छापली आणि त्यावर मास्तर आणि वहिनी अशी दोघांची नावं घातली. मास्तरांनी मला ती प्रत दाखवली. म्हणाले, "पाचशेच्या वर रविवार होते हो. मी हिशेब करत नाही, पण डोक्यात येतं. पाचशेतला एक दिला असता तरी तिला चाळीसही झाडं दाखवून झाली असती. तिचे गुडघे तेव्हा माझ्यापेक्षा चांगले होते." मी म्हटलं, नेलंत की शेवटी. ते म्हणाले, "नेलं नाही, ती आली. मी येऊ दिलं."

नंतर मुलगी त्यांना तिच्याकडे घेऊन गेली. तिचं शहर समुद्रापासून लांब आहे. दुकान आता एका मोबाइलवाल्याने घेतलंय, माझे कागद थरथरत नाहीत. मी अधूनमधून फोन करतो. गेल्या महिन्यात केला तेव्हा विचारलं, "करमतं का मास्तर?"

"करमतं. जवळ एक तळं आहे, सकाळी जातो. बगळे येतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुलीच्या सासूबाईंनी विचारलं, मी येऊ का तुमच्याबरोबर? मी म्हटलं, चला."

"मग? छान झालं की."

"कसलं छान? फार बोलतात हो त्या. घरापासून तळ्यापर्यंत आणि तळ्यापासून घरापर्यंत. त्यांच्या भावाची जमीन, भावजयीचं ऑपरेशन. एक बगळा थांबला नाही."

मी हसलो. म्हटलं, "मग सांगा ना त्यांना काहीतरी. गुडघे दुखतात म्हणा."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नाही," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी साडेसहाला तयार राहते म्हणाल्यात. त्यांच्यासाठी थांबायचंय."